शिमग्यातली एक खरी खबर

फाल्गुनातलं सोलापूर दुपारी बारा वाजता पाहावं. रस्त्यावर माणूस नसतो, असलाच तर त्याच्या डोक्यावर ओला पंचा असतो. लिंबाची पानं गळून पसरलेली असतात आणि वारा सुटला की ती अशी सरसर पळतात, जणू कुणाच्या तरी मागं लागली आहेत. विणकरांच्या आळ्यांतून खळीचा आंबूस वास येतो. रंगाऱ्यांनी सोडलेलं पाणी गटारातून आज लाल, उद्या हिरवं वाहतं. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर वर जायचा कंटाळा करतो आणि आडवा होऊन गावावर पडून राहतो. बाहेरगावचा पाहुणा तो धूर पाहून घाबरतो. आम्हां गावकऱ्यांना तो दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आणि मग शिमगा येतो. रात्रीतून कुणाच्या गवऱ्या जातात, कुणाच्या परसातला मोडका पाळणा जातो, दिवसाढवळ्या पोरं तोंडावर हात मारून बोंबलतात आणि थोरांनाही चार दिवस अक्कल गहाण टाकायची मुभा मिळते. या दिवसांत मला मोठी मागणी असते. नव्या पेठेतल्या माझ्या मित्राच्या कापडाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, गादीवर आठ-दहा जण लोळत असतात आणि कुणीतरी म्हणतंच, "ते बंबखान्याचं होऊ द्या." की मी उठून बसतो. टोपी मागं सारतो, घसा साफ करतो. सगळे आवाज मीच काढतो. टेलिफोनची घंटा, पितळी घंटा, शेठजींचा खोकला, मोटारबंबाचं इंजिन. बारा वर्षांत या गोष्टीचा हशा एकदाही चुकलेला नाही.

यंदापासून मी ती सांगणं बंद केलं आहे. का, ते लिहून टाकतो. तोंडानं सांगायला गेलो तर माझं तोंड मला पुन्हा त्या हशाकडेच ओढून नेईल. त्याची सवय मला माहीत आहे.

त्या वेळी मी पंचविशी ओलांडली होती आणि नाटकाच्या नादानं दोन नोकऱ्या घालवल्या होत्या. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून एक छोटा बंबखाना चालवला होता. एक मोटारबंब, एक हातानं दाबायचा जुना बंब, सहा माणसं आणि एक टेलिफोन. त्या टेलिफोनापाशी बसायला माणूस हवा होता. स्पष्ट बोलणारा आणि थोडं इंग्रजी जाणणारा. मी पहिल्या दिवशी यंत्रात असा काही "हॅलो" म्हटला की नाटकातला राजा दरबारात आल्यासारखं वाटलं आणि नोकरी मला मिळाली.

काम सांगायला सोपं. आग लागल्याची खबर कुठूनही येवो, टेलिफोनातून येवो की पायी येवो, ती आधी माझ्याकडे यायची. कुठं, काय आणि आत माणसं आहेत का, एवढं मी विचारायचं. खात्री पटली की डोक्यावरच्या दोरीला हिसका द्यायचा. बाहेर घंटा घणघणायची, माणसं बंबावर उड्या मारायची आणि मी ओरडून पेठेचं नाव सांगायचं. मग वहीत दोन रकाने भरायचे. खबर कधी आली आणि बंब कधी सुटला. माझी घंटा झाल्याशिवाय बंब जागचा हलत नसे. लोक मला घंटामास्तर म्हणत. मला ते फार आवडे.

टेलिफोन तेव्हा गावात बोटांवर मोजण्याइतके. ज्यांच्याकडे होते त्यांनाही त्याची भीती वाटे. एक पेढीवाले तर पायातले जोडे काढून यंत्राशी बोलत, हे त्यांच्याच मुनिमानं मला सांगितलं. एका बाईसाहेबांनी करपल्याचा वास येतो म्हणून बंब मागवला आणि आम्ही पोचलो तेव्हा चुलीवरची खीर लागली होती. आमच्या बंबावर पाण्याची नळी धरणारा धोंडिबा होता. दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातला धनगर, सहा फूट उंच, बोलायला कंजूष. तो त्या खिरीचं भांडं नीट न्याहाळून एवढंच म्हणाला, "इझलीय की."

बाकीच्या खबरा पायी यायच्या. खरी खबर घेऊन येणाऱ्या माणसाला मी इतक्यांदा पाहिलं की मला त्याचा छंद लागला. एकजण आला तो नुसता "चला, चला, चला" म्हणत राहिला. कुठं ते सांगेचना. एका बाईनं मला बाजूला ढकलून दोरीच ओढली. एका सोनारानं आधी भावानं वाटणीत केलेला अन्याय सांगितला आणि मग म्हणाला की ते घर आता पेटलं आहे. नट म्हणून मी हे सारं टिपून ठेवत होतो. त्यातून मी एक सिद्धान्त काढला होता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. खऱ्या माणसाला वाक्य पुरं करता येत नाही. जो नीट सांगतो, तो पाठ करून आलेला असतो.

शिमग्यात या सिद्धान्ताला सोन्याचे दिवस येत. कारण शिमग्यात खोट्या खबरा येत. बंब फुकट पळवायचा, ही गावातल्या टवाळांची आवडती मौज. एकदा आमचा बंब घणघणत कुंभाराच्या भट्टीवर गेला, एकदा चक्क पेटलेल्या होळीवर. होळीभोवतीच्या मंडळींनी आम्हांला पोळी दिली आणि बंबाला नारळ. मालक मंडळी चिडली. शिमग्यात खबर पारखून घ्या, अशी मला ताकीद मिळाली.

मला काय, नाटकच मिळालं. जो येई त्याची मी परीक्षा घेऊ लागलो. एकजण तोंडाला काजळी फासून आला. दोन्ही गालांवर अगदी सारखी. मी त्याला आरसा दिला आणि डावीकडे जरा कमी पडली म्हणालो. एका शेठजींच्या भाच्यानं मामाच्या आवाजात टेलिफोन केला. आवाज हुबेहूब, पण मामा बोलण्याआधी तीनदा खाकरत आणि हा एकदाच खाकरला. मी म्हटलं, दोन राहिले, ते खाकरून मग आग सांगा. ही कीर्ती इतकी पसरली की शिमग्याच्या दुपारी आमच्या नाटकमंडळीतले चार-पाच दोस्त पान लावून बंबखान्यातच येऊन बसत. मी खुर्चीवर, ते बाकावर. दार हे आमचं रंगमंचाचं दार. जो आत येईल तो पात्र.

त्या वर्षी धुळवडीला तो आला.

उन्हाची वेळ. दोस्तांच्या अंगावर गुलाल वाळून पापुद्रे धरले होते. सकाळपासून तीन सोंगं मी पकडली होती आणि चौथ्याची वाट पाहत होतो. दारात एक किरकोळ अंगाचा माणूस उभा राहिला. वय माझ्याएवढंच. अंगावर रंगाचा ठिपका नाही. धोतर, उघडं अंग आणि डोक्यावर टोपी, तीही दोन्ही हातांनी नीट बसवलेली. त्यानं दारातच थांबून एक लांब श्वास घेतला. आत आला, हात जोडले आणि शाळेत कविता म्हणावी तसं एका सुरात बोलला.

"नमस्कार. मी साखर पेठेच्या मागच्या आळीतून आलो आहे. आमच्या घराला आग लागली आहे. घरात माग आहे आणि माझी बायको माग सोडत नाही. कृपा करून बंब पाठवा."

मी दोस्तांकडे पाहिलं. दोस्तांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी सुबक खबर त्या खोलीत कधी आली नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. वर नमस्कार, खाली कृपा करून. आणि टोपी. घर पेटलेला माणूस टोपी घालतो कधी?

मी खुर्चीत मागं रेललो आणि म्हणालो की पाठांतर उत्तम आहे, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नाही. पुन्हा एकदा व्हावं. तो गोंधळला. मग त्यानं पुन्हा हात जोडले आणि तीच पाच वाक्यं म्हणाला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. दोस्तांनी टाळ्या दिल्या. मी बोट वर करून माझा सिद्धान्त सांगितला की खरा माणूस एकच गोष्ट दोनदा सारखी सांगत नाही. मग, देवा, मी तो विनोद केला. मी म्हणालो, "तुझी बायको माग सोडत नाही, माझी मागणं सोडत नाही." बाकावरचा एकजण हसून खाली घसरला.

या विनोदावर मी बारा वर्षं हशा घेतला आहे.

धोंडिबा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, जरा बगा की त्याच्याकडं."

बघतोच आहे, असं मी म्हणालो. आणि त्या माणसाला सांगितलं की आता शेवटचं वाक्य आधी म्हण आणि पहिलं शेवटी. खरी गोष्ट कशीही फिरवली तरी सांगता येते. त्यानं प्रयत्न केला. ओठ हलले. "कृपा करून" म्हणाला आणि अडला. पुन्हा "नमस्कार"पासून सुरुवात केली. आम्ही सगळे हसलो. तेव्हा तो थांबला. त्याच्या तोंडातून तेलुगूत काहीतरी धडाधडा बाहेर पडलं, तुटकं आणि कर्कश. त्यातला शब्दही मला कळला नाही. मग तो वळला आणि धावत सुटला. मी म्हणालो, पाहा, पळाला.

धोंडिबा माझ्याकडे पाहत होता. त्यानं नळीचं वेटोळं उचलून खांद्यावर घेतलं आणि बंबाशी जाऊन उभा राहिला. माझी घंटा नव्हती, म्हणून बंब निघाला नाही. पण तो तिथं जाऊन उभा राहिला होता, हे मला लिहायलाच हवं.

दोस्तांनी दुसरं पान लावलं. ते माझ्या गालात असतानाच टेलिफोन वाजला. साखर पेठेतले एक सूतवाले व्यापारी होते आणि ओरडत होते. मागच्या आळीत घर पेटलंय, वारा इकडे आहे, माझी गोदामं आहेत, लवकर या, लवकर. एकही वाक्य पुरं नव्हतं. मी दोरीला हिसका दिला. बंब एका मिनिटात सुटला.

मग मी वही उघडली. खबर आली, या रकान्यात मी टेलिफोनची वेळ लिहिली. बंब सुटला, या रकान्यात त्याच्या पुढचं मिनिट. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. घंटा होताच दोस्त उठून गेले होते. मालक मंडळींनी दुसऱ्या दिवशी वही पाहिली आणि म्हणाले, एका मिनिटात, शिमग्याच्या दिवशी, शाबास. मी मान लवून शाबासकी घेतली. रंगमंचावर कितीदा तरी खोटी शाबासकी घेतली होती. मान कशी लववायची ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी धोंडिबानं सांगितलं. घर गेलं होतं. धुळवडीला होळीचे निखारे घरी आणून त्यावर पाणी तापवतात ना, तसं तापवलं होतं. निखारा वाऱ्यानं उडाला आणि सुताच्या लडींत पडला. माग गेला. माणूस कुणी गेलं नाही. पण मागावर पातळ होतं, चार हात विणायचं राहिलेलं, आणि ते कापून काढायला त्याची बायको आतच थांबली होती. "हातं गेली बाईची," धोंडिबा म्हणाला. "बोटं आकडून बसली." मग वहीकडे पाहून म्हणाला, "मी काय बोलणार न्हाय, मास्तर. पर मला कदी इचारू नका, का बोलला न्हाईस म्हणून."

ते दिवस मला अजून तसेच आठवतात. रंगपंचमी आली. गावात पिंपं भरून रंग उडत होते आणि मला सगळीकडे जळक्या सुताचा वास येत होता. नाटकाच्या तालमीत मी वाक्यं विसरू लागलो. नवव्या दिवशी मी साखर पेठेत गेलो. माफी मागायला गेलो होतो, हे खरं. जाताना वाटेत मी भाषण तयार केलं होतं. चांगलं होतं. त्यात एके ठिकाणी माझा गळाही दाटणार होता.

भिंती उभ्या होत्या, काळ्या. वर कुणाची तरी ताडपत्री बांधली होती. मला पाहून तो उठला, पंच्यानं फरशी झटकली, बसा म्हणाला. त्याचं नाव नरसय्या. त्याची बायको यल्लम्मा भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट फडक्यांत गुंडाळलेले, आणि शेजारीण तिला भात भरवत होती. एक तीनेक वर्षांची पोरगी आईच्या पदराचं टोक तोंडात घालून माझ्याकडे पाहत होती. नरसय्यानं मला गूळ आणि पाणी दिलं. उन्हातून आलात म्हणाला.

मी भाषणाचं पहिलं वाक्य शोधत होतो, तेवढ्यात तोच बोलला. शब्द निवडून, सावकाश.

"मास्तर, एक विचारतो. माझं मराठी चुकलं का?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. त्याला तेव्हा मराठी फार येत नव्हतं. आळीत सगळे तेलुगूच बोलतात. मागं एकदा कुठल्याशा कचेरीत तो बोडका गेला आणि तेलुगूत बोलला, तर शिपायानं दारातूनच घालवलं होतं. म्हणून आग लागली तेव्हा त्यानं शेजाऱ्याच्या डोक्यावरची टोपी मागून घेतली. सगळ्या वाटेनं धावत धावत तो वाक्यं जुळवत होता. विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत होता. बंबखान्याच्या कोपऱ्यावर येऊन श्वास घ्यायला थांबला, कारण धाप लागली तर शब्द निसटतील अशी त्याला भीती होती. आणि एवढं करूनही बंब आला नाही, तेव्हा चूक बोलण्यातच झाली असणार. ती कुठं झाली, ते त्याला कळायला हवं होतं.

शेजारीण भात भरवायची थांबली होती. यल्लम्मा नवऱ्याकडे पाहत होती. सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

माझं भाषण तयार होतं. एवढंच म्हणायचं होतं की तुझं मराठी बरोबर होतं आणि मीच चुकलो. त्या वाटेनं जायचं म्हणजे मग टाळ्या सांगायच्या, दुसऱ्यांदा म्हणायला लावलं ते सांगायचं, उलटं म्हणायला लावलं ते सांगायचं, वही सांगायची, आणि ते सगळं त्या फडक्यांतल्या हातांसमोर. आणि इथं एक दार आपोआप उघडलं होतं. त्यानंच उघडलं होतं.

"जरासं चुकलं," मी म्हणालो.

"कुठं?"

"कृपा करून म्हणालास ना, तिथं. मेहेरबानी करून म्हणायचं. म्हणजे लवकर कळतं."

दोन्ही शब्द गावात चालतात. मला तेव्हाही ठाऊक होतं. नरसय्यानं मान डोलावली. "मेहेरबानी करून," तो म्हणाला. तोंडात बसावं म्हणून तीनदा म्हणाला. मग वळून त्यानं बायकोला तेलुगूत सांगितलं. तिनं ऐकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. ती नजर मला त्या वेळी कळली नाही, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो.

मग मी उठलो. त्यानं कोपऱ्यापर्यंत पोचवलं आणि आभार मानले.

त्यानंतर एक वर्षात मी बंबखाना सोडला आणि दुसरीकडे चिकटलो. पोट सुटलं, केस गेले. नाटकात स्त्री-भूमिका करीत होतो तो आता सासऱ्याच्या भूमिका करू लागलो. नरसय्या बाजारात भेटे. थांबून नमस्कार करी. मागावर तो पुन्हा बसला होता, पण माग भाड्याचा आणि घरही दुसऱ्याचं. त्याचं मराठी इतकं सुधारलं की आता तो व्यापाऱ्यांशी भांडूही शकत होता. मी त्याची खुशाली विचारी, बायकोची विचारीत नसे. आणि दर शिमग्याला नव्या पेठेत गोष्ट सांगी. खीर, आरसा, तीन खाकऱ्या, मग टोपीवाला, त्याची पाच वाक्यं त्याच्याच सुरात, मागाचा विनोद, उलटं म्हणायला लावणं, आणि पळाला. तिथं हशा. तिथंच शेवट. गोष्ट कुठं थांबवायची, हे ज्याला कळतं तो खरा गोष्टवाला, असं लोक म्हणत आणि मला ते बरं वाटे.

यंदा गोष्ट संपली, हशा झाला, मी पाणी मागितलं. दुकानाच्या पायरीवर घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता, बाजाराला आलेला असावा असं वाटलं होतं. बाकीचे पांगल्यावर तो उठला. सहा फूट उंच. धोंडिबा. नोकरी संपवून तो गावी मेंढरांमागं गेला होता, इतकंच मला माहीत होतं.

"लई झ्याक सांगता, मास्तर," तो म्हणाला. "फुडचं ऱ्हायलं की."

एवढं बोलून तो गेला. मित्रानं विचारलं, पुढचं काय? मी म्हणालो, काही नाही. घरी आलो आणि जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर मी तिला ही गोष्ट सांगू लागलो आणि मधेच माझ्या लक्षात आलं की तिच्यासमोरही माझा हात आपोआप टोपीकडे गेला आहे, ती दोन्ही हातांनी नीट बसवायला. मी आजवर किती वेळा त्या माणसाची टोपी बसवली होती.

दुसऱ्या दिवशी गेलो. यंदा भाषण तयार केलं नाही.

नरसय्याच्या घरात माग चालला होता. धोटा इकडून तिकडे जात होता, खटक आणि खटक. ती तीन वर्षांची पोरगी आता पंधराची झाली होती. ती दाराशी बसून सुताच्या कांड्या भरत होती. त्या आळीत हे काम घरच्या बाईचं असतं. मला पाहून नरसय्या थांबला, बसा म्हणाला, पोरीला पाणी आणायला सांगितलं. मी बसलो नाही.

"नरसय्या," मी म्हणालो, "त्या दिवशी तुमचं मराठी बरोबर होतं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हणालो. "एक शब्दही चुकला नव्हता. शिमगा होता, मला वाटलं तुम्ही सोंग आणलंत. मी तुम्हांला खेळवलं. वेळही वहीत खोटी लिहिली. आणि नंतर इथं येऊनसुद्धा खोटं बोललो."

मागावरचा एक धागा तुटला होता, तो त्यानं चिमटीत धरून जोडला. मग म्हणाला, "मला माहीत आहे, मास्तर. पोरगी शाळेत गेली, मराठी शिकली. तिनंच सांगितलं, अप्पा, दोन्ही शब्द बरोबर आहेत."

"मग मला कधी का बोलला नाहीत?"

"तुम्हांला बोलून काय होणार?" त्यानं आतल्या खोलीकडे मान केली. "तिला सांगितलं. तिला वाटलं, मी आपली बाजू सांभाळतोय. बारा वर्षं झाली. हातातून काही सुटलं, काही सांडलं की ती म्हणते, तुला चार वाक्यं धड बोलता आली असती तर माझी बोटं राहिली असती. मास्तर घरी येऊन सांगून गेले, म्हणते. मास्तर कशाला खोटं बोलतील?"

मला बसावंसं वाटू लागलं, पण बसा म्हटलेली वेळ निघून गेली होती.

"मला नका सांगू," नरसय्या म्हणाला. "तिला सांगा."

तिला मराठी बाजारापुरतं येतं. मला तेलुगू अजिबात येत नाही. मी तसं म्हणालो आणि म्हणताना माझ्या आवाजात सुटकेची जी छटा होती, ती मला ऐकू आली. त्यालाही आली असावी. तो मागावरून उठला, पंच्यानं हात पुसले. "तुम्ही बोला. मी सांगतो तिला."

यल्लम्मा बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. तिनं हात मांडीवर ठेवले. बोटं आत वळलेली, एकमेकांना चिकटलेली, पाखराच्या पायासारखी. मी ती पहिल्यांदा नीट पाहिली.

मी बोललो. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं; तो ते तिला सांगे. माझ्या धंद्यात मी इतका सावकाश कधी बोललो नव्हतो. थांबल्यावर पुढचं वाक्य सजवायला वेळ मिळतो, पण समोरची दोन माणसं वाट पाहत असली की सजवता येत नाही. टाळ्यांचं सांगितलं. पुन्हा म्हणायला लावल्याचं, उलटं म्हणायला लावल्याचं सांगितलं. मी एक विनोदही केला, एवढंच म्हणून पुढं जाऊ लागलो, तेव्हा नरसय्या थांबला आणि म्हणाला, "तोही सांगा." मी सांगितला. त्यानं तो तेलुगूत सांगितला. तेलुगूत तो विनोद राहिला नसणार. बायकोचं नाव आलं, मागाचं आलं, आणि तिनं पापणी हलवली, इतकंच. वहीचं सांगितलं. मेहेरबानीचं सांगितलं. पोरगी कांड्या भरायची थांबून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

माझं संपलं. नरसय्यानं शेवटचं वाक्य सांगितलं. यल्लम्मानं त्याला काहीतरी छोटंसं विचारलं. त्यानं मान हलवून होकार दिला. मग ती बोलू लागली. माझ्याकडे न पाहता, त्याच्याकडे पाहत. हळू आवाजात, पुष्कळ वेळ. मधे एकदा तिचा आवाज फाटला. तिनं वळलेला हात उचलून मनगटानं त्याच्या गुडघ्याला स्पर्श केला आणि तो तिथंच ठेवला. नरसय्या खाली पाहत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब आला होता, तो त्यानं पुसला नाही.

ती उठून आत गेली. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

नरसय्या मागावर जाऊन बसला. धोटा हातात घेतला, पण फेकला नाही.

"ते मला मराठीत येत नाही, मास्तर," तो म्हणाला.